बिनटाक्याचं अस्तर

४ फेब्रुवारी

धाकटे,

तू म्हणाली होतीस, "ताईला घरी डायलिसिस करायचं असेल तर मला पुन्हा फोन करू नका." म्हणून फोन करत नाही. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस.

तुझा राग रास्त आहे. सख्खी बहीण उभं आयुष्य डायलिसिसच्या वॉर्डात पेशंट सांभाळण्यात काढते, आणि तिच्या शहरात, तिच्या नजरेखाली राहायचं सोडून ताई इथेच राहीन म्हणते. वर म्हणते, जमलं तर घरीच करू. मी मध्ये नुसता निरोप्या. पण मार निरोप्याला पडतो, हे मेव्हणीच्या बाबतीत मी लग्नापासून शिकलो आहे.

ताईची तब्येत विचारणार नाहीस, तरी सांगतो. आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीवर पडायचं, हाताला सुया, शेजारी यंत्राची घरघर. घरी येते ती धुऊन पिळलेल्या कपड्यासारखी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंथरूण. मग जरा उभी राहते, गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन बटणं लावते, तोवर पुन्हा जायची वेळ. परवा म्हणाली, "अहो, मला जगायचंय ते असं नुसतं वाळत पडायला नाही." मी शिंपी. उसवलेलं शिवता येतं, विरलेलं नाही.

आता गंमत ऐक. ती यंत्रावर असताना मी बाहेर बसून असतो, ते वॉर्डातल्या उंच सिस्टरच्या लक्षात आलं. तिने माझ्या हातात वॉर्डाचा पडदाच दिला. "मास्तर, बसलाच आहात तर एवढी किनार घालून द्या." मी खालीच बसलो, पडदा मांडीवर घेतला. तेवढ्यात कुठल्याशा पाहणीसाठी एक मुलगी आली. एकच प्रश्न घेऊन आली होती, घरचं डायलिसिस इथे का होत नाही? तो ती एकेकाला विचारत होती. पडद्याखाली माणूस आहे हे सगळे विसरले, आणि मीही खाकरलो नाही.

यंत्र सांभाळणारा म्हणाला, "एकाच्या घरी गेलो होतो. औषधाच्या पिशव्यांच्या खोक्यात मांजर व्यायलेली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला." शितावरून भाताची परीक्षा झाली म्हणा, पण शीत काही खोटं नव्हतं.

उंच सिस्टर म्हणाली, "माझी ना नाही. पण शिकवायला मी एकटी. आणि घरी गेलेल्याला जरा कुठे दुखलं की फोन मला. शिवाय मदतीचा माणूस आधी उत्साहात असतो, मग कंटाळतो. कंटाळलेला माणूस हात धूत नाही."

डॉक्टरीणबाई सगळ्यात शेवटी बोलल्या. "लोक आमच्याकडे येतात ते नाकातोंडाशी आल्यावर. तेव्हा यंत्रच लागतं. मग ते यंत्राला रुळतात, आणि दुसरी वाट विचारायची राहून जाते." हातातली फाइल मिटली. "आणि भीती म्हणा. समोर खुर्चीवर असला की माणूस माझ्या हातात आहे असं वाटतं. घरी पाठवला की तेवढं वाटणंही जातं."

धाकटे, त्यांच्या तोंडून मला तूच ऐकू आलीस. तो सुतार आठवला, ज्याला तू हौसेने शिकवून घरी पाठवलंस, आणि जो पोटात गढूळ पाणी घेऊन परत आला तो वाचलाच नाही. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. त्याला भित्रा म्हणू नये, हे मला त्या पडद्याखाली कळलं.

तुझे भाऊजी


१९ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. पोस्टमनवर ढकलतो.

आज मला जे कळलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुला ठाऊकच असेल, पण मला ते कोणी आजवर सांगितलं नव्हतं.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पोटातून डायलिसिस म्हणजे पोटात यंत्र बसवणार का?" त्या हसल्या नाहीत. कागदाच्या पाठीवर पोट काढलं, आतडी काढली आणि भोवती एक रेघ ओढली. म्हणाल्या, "मास्तर, कोटाला आतून अस्तर असतं ना? तसं पोटाला आतून अस्तर असतं. आपण नळीतून औषधाचं पाणी आत सोडायचं. ते तिथे काही तास मुरतं. रक्तातली घाण त्या अस्तरातून झिरपून पाण्यात येते. मग पाणी काढून टाकायचं, ताजं भरायचं. यंत्र नाही, सुई नाही."

मी विचारलं, "केवढं असतं हे अस्तर?"

"उलगडून पसरलं तर अंगावरच्या कातडीएवढं."

घरी येईपर्यंत मी तेच मनात उलगडत होतो. माणसाच्या मापाचं कापड, ते घड्या घालून पोटात बसवलेलं, आणि कुठे चुणी नाही, ताण नाही, एक टाका नाही. बरं, हे अस्तर जन्मभर गपगुमान पडून असतं. मूत्रपिंडं चालू आहेत तोवर ते काम त्याला कोणी सांगत नाही. आणि ती बंद पडली की म्हणतं, द्या इकडे, मी गाळून देतो. मी हजारो कोट शिवले. एकाचंही अस्तर असं अडीनडीला उठून उभं राहिलेलं नाही.

ताईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी आत नवा कपडा घेऊन हिंडते आहे, आणि तुम्ही मला एक साडी घ्यायला महिना लावता."

सिस्टर घर बघायला येऊन गेली. दुकान आणि घर एकच, हे तुला माहीत आहे. तिने कपाटावरून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोटाला सगळ्या गिऱ्हाइकांचे धागे. "इथे नाही जमणार," म्हणाली. मी तिला कपडे घालून बघायची खोली दाखवली. चार भिंती, दार, आरसा, कपडे टांगायचा हूक, दाराशी नळ. आतलं पायपुसणं, स्टूल, पडदा, सगळं काढून भिंती धुऊन देतो म्हणालो. "आणि गिऱ्हाइकं कपडे कुठे घालून बघणार?" "माप बरोबर घेतलं तर बघायला लागू नये. नपेक्षा घरी जाऊन रडतील," मी म्हणालो.

ती त्या हुकाकडे बघत राहिली. पिशवी टांगायला अगदी बेताच्या उंचीवर आहे. मग म्हणाली, "रंग द्या. मग बघू."

तुझे भाऊजी


२१ मार्च

धाकटे,

ताईच्या पोटात नळी बसवली. छोटीशी शस्त्रक्रिया. जखम छान भरली. घरचं सुरू होईपर्यंत खुर्ची चालूच आहे. बेंबीच्या बाजूने एक मऊ नळी बाहेर आली आहे, ताई तिला "पाहुणी" म्हणते आणि झोपताना कुशीला जपून घेते.

आमची शिकवणी सुरू आहे. नियम असा की मदतनीस उत्तीर्ण झाला तरच घरी सोडायचं. मदतनीस म्हणजे मी. हात कसे धुवायचे, पंखा बंद, दार बंद, तोंडाला मास्क, मग ताज्या पिशवीचं टोक उघडायचं आणि पाहुणीच्या टोकाला जोडायचं. दोन्ही टोकं कुठेही लागता कामा नयेत, बोटाला नाही, कपड्याला नाही. जोडायचा तो क्षणच काय तो. पिशवी आधी कोमट करायची असते. मी विचारलं, इस्त्रीने केली तर? सिस्टरने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला सोडून ताईलाच विचारलं, "हे घरी असेच असतात का?"

शिकवणी बरी चालली आहे. थोडं अडलं आहे, ते पुन्हा कधी. इकडे उकाडा वाढला. तुमच्याकडे काय?

तुझे भाऊजी


९ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. एकच ओळ, "घड्याळ काढून हात धुवा." सोनाराने कान टोचले ते बरंच झालं, मी घड्याळ वर सरकवून धूत होतो. कार्ड नळावर लावलं आहे.

तू एक ओळ लिहिलीस, आता मलाही खरं लिहायला हवं. गेल्या पत्रात थोडं अडलंय म्हणालो. थोडं नव्हतं. मी नापास झालो.

झालं असं. एका हातात पिशवीचं टोक, दुसऱ्या हातात पाहुणीचं. तिचं टोपण काढलं आणि ते ठेवायला हात उरला नाही. शिंप्याचे दोन्ही हात गुंतले की टाचणी कुठे जाते? ओठांत. मी मनगटाने मास्क खाली ओढला आणि टोपण ओठांत धरलं. मला कळलंही नाही. सिस्टर हळूच म्हणाली, "मास्तर, काय केलंत?" मला उत्तर देता येईना, तोंडात टोपण होतं.

ती खोटी नळी होती, सरावाची, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मन बजावत होतं, हात ऐकत नव्हते. तिसऱ्यांदा हात तोंडाकडे निघाला तेव्हा सिस्टरने मला बसवलं. रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "मास्तर, तुम्ही जीव ओतून करता. पण तुमचे हात त्यांच्या धंद्याचे आहेत. मी नाही सोडू शकत." मी मान हलवली. तिची चूक काय? ताई पलीकडच्या पलंगावर बसून बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. आता जन्माची ती खुर्ची.

तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर, मी करून बघू?"

सिस्टर गडबडली. "तुम्ही तर पेशंट."

"म्हणूनच म्हणते. पोट माझं, पाहुणी माझी, आणि परीक्षेला हे. हा कुठला न्याय?"

धाकटे, मला त्या क्षणी उमगलं. घरी करणार कोण, हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सिस्टरने विचारलं, तू विचारलंस, मी रोज स्वतःला विचारलं. ताईला कोणीच विचारलं नाही. यंत्रावर तिचा एक हात बांधलेला असतो आणि दुसरा ती हलवत नाही. तिला हात आहेत हेच आपण सगळे विसरलो होतो.

तिने घड्याळ काढलं, हात धुतले. किती सावकाश. बोटं सुजलेली आहेत, तुला माहीत आहे, पण आयुष्यभर काज करणारी बोटं ती. काजाला घाई चालत नाही, एक टाका चुकला की काज गेलं. ती तशीच बसली, पाठ ताठ, श्वास मंद. टोक टोकाला लावलं. वाटेत काही नव्हतंच जणू. आणि टोपण ज्या जागी ठेवायला सांगितलं होतं तिथेच ठेवलं. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं मात्र.

सिस्टर लगेच भुलली नाही. रोज करून घेतलं. मध्येच बोलून बघितलं, ताई बोलली नाही. एकदा पाठीमागे मुद्दाम ट्रे पाडला. मी उडालो, ताईचा हात तसूभर हलला नाही. डॉक्टरीणबाई बघायला आल्या, दाराशी उभ्या राहिल्या आणि काम संपेपर्यंत आत आल्या नाहीत.

सोमवारपासून ताई घरी करते. माझ्याकडे खोकी उचलणं, पंखा बंद करणं आणि गप्प बसणं. तिसरं सगळ्यात अवघड.

पहिल्या दिवशी पाणी आत सोडलं आणि ती बाहेर येऊन माझ्यासमोर बटणं लावत बसली. मी मशीनवर होतो, पण टीप सरळ येईना. समोर बाई बसली आहे, सुईत दोरा ओवते आहे, मला गिऱ्हाइकावरून टोमणे मारते आहे, आणि आत तिचं ते अस्तर मुकाट्याने रक्त गाळतं आहे. कुठे आवाज नाही. मी अर्धा दिवस नुसता बघत होतो. शेवटी तीच म्हणाली, "पोटाकडे काय बघता, बाहीकडे बघा, उलटी लागते आहे." खरंच उलटी लागली होती.

तुझे नापास भाऊजी


२२ मे

धाकटे,

हे पत्र लिहू की नको असं बराच वेळ झालं. लपवून ठेवलं तर तू मला कधी माफ करणार नाहीस, म्हणून लिहितो.

गेल्या आठवड्यात एके सकाळी पिशवी उतरवली तर पाणी गढूळ. पीठ कालवल्यासारखं. ताई म्हणाली, "अहो, पाणी बघा." मी म्हणालो, "आज उजेड कमी आहे." ती म्हणाली, "उजेड कालच्याएवढाच आहे. सिस्टरला फोन लावा." पोट दुखत होतं, अंग तापलं होतं.

तडक गेलो. सिस्टर दारातच उभी होती. औषध त्याच पाण्यातून पोटात सोडलं. पाणी हळूहळू निवळत आलं आहे, ताप गेला. धोका टळला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लवकर आलात म्हणून टळला, हेही म्हणाल्या.

सिस्टरने ताईला सगळं करून दाखवायला लावलं, अथपासून इतिपर्यंत. चूक सापडली नाही. मला वाटत होतं, सापडावी. चूक असली की ती सुधारता येते. सिस्टर म्हणाली, "कधी कधी सगळं नीट करूनही होतं. का, ते मलाही ठाऊक नाही." एवढं बोलायला तिला किती जड गेलं ते मी पाहिलं.

आता प्रश्न असा. डॉक्टरीणबाई म्हणतात दोन्ही वाटा खुल्या आहेत, घरी पुढे चालू ठेवा किंवा यंत्रावर या, पण तुम्ही ठरवा. मी घाबरलो आहे. मी म्हणालो, खुर्ची बरी. ताई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "या दीड महिन्यात मी सकाळी उठून दार उघडलं. स्वतःच्या हाताने. ते तुम्ही बघितलं नाही का?" बघितलं, गं. म्हणून तर भीती वाटते.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण इथे जळतंय तिचं आणि जीव जातोय माझा. तो सुतार माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही, आणि मी तर त्याला पाहिलेलंही नाही. तुझं काय होत असेल.

तू सांगशील ते मी ऐकेन. ताई ऐकेल की नाही ठाऊक नाही, पण तुझंच ऐकलं तर ऐकेल. मला फोन करू नकोस हवं तर. तिला कर.

तुझे भाऊजी


९ जून

धाकटे,

काल तू फोनवर होतीस, मग पत्र कशाला, असं म्हणशील. तुला ऐकू आलं, पण दिसलं नाही. म्हणून लिहितो.

तुझा फोन आला तेव्हा ताईचे हात साबणात होते, म्हणून मी उचलला. "भाऊजी, ताईला द्या," इतकंच बोललीस. इतक्या महिन्यांनी "भाऊजी" ऐकलं, आणि मी फोन घेऊन तसाच नळाकडे निघालो. ताई नळापासूनच म्हणाली, "तिला म्हणावं, पिशवी बदलते आहे. जोडून होईपर्यंत मी बोलणार नाही. थांबायचं तर थांब."

मला वाटलं, तू ठेवशील. मी आवाज मोठा करून फोन खोलीत पिशव्यांच्या खोक्यावर ठेवला, पंखा बंद केला, दार लावलं आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

तू ठेवला नाहीस. तुझ्याकडची यंत्रं ऐकू येत होती, ती घरघर. आणि इथे काहीच आवाज नाही. ताईने मास्क लावला. नवी पिशवी हुकाला. टोपण जागच्या जागी. जोडलं. आधी जुनं पाणी खालच्या पिशवीत उतरायला लागलं, तो बारीक आवाज तुला ऐकू आला असेल. मी फोनकडे बघत होतो. ताई डोळे मिटून बसली होती. आरसा अजून भिंतीवर आहे, त्यात ती दिसत होती आणि फोन दिसत होता. दोन बहिणी शेजारी बसल्यासारख्या. तुझा श्वास मला कळत होता. वॉर्डात तू अशीच कोणाच्या उशाशी उभी राहत असशील.

मग नवं पाणी आत गेलं, तिने पिशव्या सोडवल्या, पाहुणीला नवं टोपण घातलं, मास्क काढला आणि म्हणाली, "हं. बोल."

तू म्हणालीस, "पाणी कसंय?"

"स्वच्छ."

"असं नाही. पिशवीच्या मागे छापील कागद धर. अक्षरं वाचता आली तर स्वच्छ."

हे इथल्या सिस्टरने सांगितलं नव्हतं, ती उजेडाकडे धरायला सांगते. मी दुकानात धावलो, हाताला आला तो कागद उचलला. तो शर्टाच्या पुढच्या भागाचा बेत निघाला, कापडावर ठेवून कापायला जुन्या वर्तमानपत्रातून काढलेला. मी तो जुन्या पाण्याच्या पिशवीमागे धरला. ताईने चष्मा लावला, वाकली.

काय सांगू. ते पाणी काही तास तिच्या पोटात होतं. तिच्या रक्तातलं जे तिला मारू शकतं ते सगळं त्यात उतरलेलं. आणि त्यातून अक्षरं दिसत होती, काना, मात्रा, अनुस्वार. फिकट पिवळ्या काचेतून बघावं तशी. बघायला मीही वाकलो आणि कागद तिरका झाला. ताई म्हणाली, "धरा नीट," आणि वाचायला लागली.

"जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम पूर्ण झाले असून, पूर्व भागातील रहिवाशांना उद्यापासून..." आणि थांबली.

"पुढे काय?" तू विचारलंस. तुझा आवाज चिरकला होता. तुला वाटलं असणार, पुढे गढूळ आहे.

"पुढे मुंढा आहे," ताई म्हणाली. "बाही जोडायच्या जागेला गोल काढताना ह्यांनी बातमी कापली."

मग तू हसलीस, आणि हसता हसता तुझं काहीतरी दुसरंच झालं, ते मी ऐकलं नाही असं समज. ताईने थांबू दिलं. मग विचारलं, "मग? मी घरीच करू, की त्या खुर्चीवर जाऊ? सांग एकदा."

"वाचता येतंय ना?"

"येतंय."

"मग मला काय विचारतेस. खालची ओळ वाच."

तिने वाचली. तीही मुंढ्याशी तुटली. तू म्हणालीस, "पुढची." तिने ती वाचली. ओळी तुटत होत्या, कशाचा कशाला मेळ नव्हता, आणि तू प्रत्येक वेळी "पुढची" म्हणत होतीस. माझे हात भरून आले होते, पाणी ओतून टाकायचं राहिलं होतं, दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं. मी कागद खाली घेतला नाही.

तुझे भाऊजी